परवडेल असं शहर

तीन महिन्यांत खोल्या रिकाम्या करून द्या, असं घरमालकाने सांगितलं तेव्हा आपला माणूस जिन्यात उभा होता. हातात दुधाची पिशवी होती. मालकाचा मुलगा बायकामुलांसह परत येणार होता, त्याला जागा हवी होती. मालक हे सांगताना इतका ओशाळला होता की आपल्या माणसाने पहिलं काम केलं ते मालकालाच धीर देण्याचं. "छे छे, तुम्ही अजिबात संकोच करू नका, शेवटी घर तुमचं आहे," असं काहीबाही बोलून तो चौथ्या मजल्यावर आला. दार लावलं, पिशवी ओट्यावर ठेवली आणि मग मात्र तो तिथेच जमिनीवर बसला.

बायको खिडकीशी शिवणयंत्रावर बसली होती. लोकांच्या पॅंटी आखूड करायच्या, झंपर सैल करायचे, चेन बदलायच्या, असं तिचं काम घरातूनच चालायचं. तिने यंत्र थांबवलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे नेमकं काय?"

घरात त्याला काळजीवाहू म्हणत. हे नाव मेहुणीने ठेवलं होतं. सरकार पडलं की नवं येईपर्यंत कारभार बघणाऱ्याला काळजीवाहू म्हणतात, ते काही दिवसांचं असतं. आमचे भाऊजी मात्र बाराही महिने काळज्याच वाहतात, असं ती म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं. लेकीच्या सहलीची बस निघाली की तिच्या ब्रेकपासून ड्रायव्हरच्या झोपेपर्यंत सगळ्याचा घोर तो लावून घ्यायचा. कधीतरी एकदा काळजीसारखं काही खरंच घडायचं, आणि मग तो सगळ्यांकडे असा बघायचा की सांगत नव्हतो का!

या खेपेला ते खरंच घडलं होतं.

तो एक्स-रे काढायचा. राजधानीतल्या एका तपासणी केंद्रात सतरा वर्षं. सकाळी सातला घर सोडायचं, दोन बस बदलायच्या, रात्री साडेनऊला परत. लेक तेरा वर्षांची झाली तरी आठवड्यातले सहा दिवस ती त्याला झोपाळलेलीच भेटत होती. त्यातल्या त्यात हे घर बरं होतं. आता याच पैशांत दुसरं बघायचं तर शहराच्या पार टोकाला जावं लागलं असतं, आणि मग रात्री घरी येण्यालाही काही अर्थ उरला नसता. पंधरा दिवस त्याने घरं पाहिली. एक तर असं निघालं की न्हाणीघरात दार लावायचं तर आधी बादली बाहेर ठेवायची.

"हे शहरच नको," शेवटी बायको म्हणाली. "राज्यात काय हे एकच शहर आहे?"

झालं. कामावरून त्याने एक मोठा जाड कागद आणला, पट्टीने रकाने पाडले आणि राज्यातली सहा शहरं मांडली. घरभाडं, दवाखाना, शाळा, पाणी, हवा, कामाची जागा. दर शहराला दर रकान्यात दहापैकी गुण. बसमध्ये, जेवताना, दात घासताना त्याचं तेच चालू. दोन शहरं बायकोने पहिल्याच दिवशी खोडली. एका शहरात सिमेंटचे कारखाने होते. दुसऱ्यात तिची बहीण राहायची.

"अगं, तिच्या शेजारी राहिलो तर आधारच होईल की."

"बहिणीच्या गावात राहायला गेलं ना, की बहीण उरत नाही. शेजारीण होते."

उरली चार. तो सुट्टीच्या दिवशी एकेक बघून यायला लागला. कॉलेजांच्या शहरात दलालाने त्याला "किती पोरं?" असं विचारलं. "एक मुलगी," तो म्हणाला. दलालाने त्याला सहा खाटांची खोली दाखवली आणि पाच मैत्रिणी गोळा करायला सांगितलं. रेल्वेच्या जंक्शनच्या शहरात घर छान मिळत होतं, पण गाडी गेली की भिंत थरथरायची. तो दुपारभर त्या भिंतीला हात लावून बसला आणि थरथर मोजत राहिला. तिसऱ्या शहरात पाणी चार दिवसांनी यायचं. हे घरमालकिणीने सांगितलं नाही. अंगणातल्या पिंपांनी सांगितलं.

दोन महिने सरले. बायकोने भांडी बांधायला जुनी वर्तमानपत्रं जमवायला सुरुवात केली होती. रोज तो गठ्ठा थोडा उंच व्हायचा, आणि तो बघितला की याला एकच प्रश्न पडायचा. भांडी बांधून न्यायची कुठे?

तेवढ्यात चौथ्या शहरातून त्याने केलेल्या अर्जाला उत्तर आलं. त्या शहराला घरात धरणाचं शहर म्हणत. तिथल्या इस्पितळातला एक्स-रेवाला नोकरी सोडणार होता, या गुरुवारी येऊन भेटा, असं अधीक्षक डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं. तक्त्यात या शहराला सगळ्यात जास्त गुण होते. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो रात्रभर कूस बदलत राहिला.

"आता काय?" बायकोने अंधारातच विचारलं.

"इतकं चांगलं आहे तर तो का सोडतोय?"

गुरुवारी पहाटेची बस पकडून तो अकराच्या सुमारास पोचला. इस्पितळ दोन मजली, पिवळसर, समोर सायकली लावायची शेड. अधीक्षक बाई उंच, चष्मा केसांत खोचलेला. त्यांना बोलायला वेळ कमीच होता. कागद चाळून त्या म्हणाल्या, "अनुभव भरपूर आहे. मला हरकत नाही. फक्त एक आहे. आमच्या माणसाने सोडतो असं तोंडी सांगितलंय, लेखी दिलेलं नाही. त्याला नव्या नोकरीच्या ठिकाणी आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचाय, म्हणजे आज देईलच. त्याचा कागद आला की तुमचा निघाला. तोवर जा, खोली बघा, काम करून दाखवा."

एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर माणसं बसली होती. आतला माणूस पन्नाशीचा, बारीक अंगाचा, हसरा. त्याला सारं इस्पितळ फोटोवाले म्हणे, कारण पेशंट एक्स-रेला फोटोच म्हणत. त्याने याला हाताला धरून आत नेलं. पाहुण्याला घर दाखवावं तसं यंत्र दाखवलं. टेबल डावीकडे जरा अडतं, तिथे गुडघ्याने ढकलायचं. शिशाचा एप्रन नवा आहे. किरणं मोजणाऱ्या बॅजचा अहवाल दर तीन महिन्यांनी येतो, तो मागून घ्यायचा, नाहीतर कारकून विसरतो.

"घ्या, आता तुम्ही काढा," म्हणून त्याने पुढच्या आजींना बोलावलं.

आजींच्या छातीचा फोटो होता. याने त्यांची हनुवटी वर केली, खांदे पुढे घेतले, काचेआड गेला. "आजी, श्वास घ्या. रोखा." बटण दाबलं. "सोडा आता." आजी सोडेनात. त्यांना ऐकू कमी येत होतं. चेहरा लाल व्हायला लागला तसा तो धावत बाहेर आला आणि स्वतःच जोरात श्वास सोडून दाखवला. आजींनीही सोडला आणि म्हणाल्या, "मेलं, फोटो काढायला एवढं मारायचं असतं का माणसाला?" फोटोवाले पोट धरून हसले. फोटो मात्र आला सुरेख, एकही फासळी हललेली नव्हती.

दुपारी दोघे उपाहारगृहात बसले. पाव, उकडलेलं अंडं, चहा. फोटोवाल्यांनी अंडं सोलता सोलता सगळं सांगून टाकलं. त्यांच्या मुलीला राजधानीत नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पुढच्या महिन्यात जायचं होतं. पोरगी एकटी तिकडे राहणार म्हणून तिच्या आईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मग यांनी तिकडे नोकरी शोधली आणि मोठ्या चौकातल्या एका तपासणी केंद्राने होकार दिला.

मोठा चौक म्हटल्यावर आपल्या माणसाच्या हातातला पाव हातातच राहिला. ते केंद्र त्याला चांगलंच माहीत होतं. त्याच्याच केंद्रातला एक जण तिकडे गेला होता आणि चार महिन्यांत अर्धा होऊन परत आला होता. सुटायची वेळ फक्त कागदावर.

"तुम्ही तिथलेच," फोटोवाले म्हणाले. त्यांनी अंडं बशीत ठेवलं, पुढे सरकले. "म्हणून तुम्हालाच विचारायचं ठरवलं होतं. खरं सांगा. त्या पगारात तीन माणसांचं जमतं का हो तिकडे?"

त्या क्षणी त्याच्या डोक्यात काय काय आलं, याचा हिशोब तो पुढे कितीतरी दिवस लावत बसला. वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला. मालकाचं ओशाळं तोंड आलं. हा माणूस गेला नाही तर जागा रिकामी होत नाही, एवढं तर उघडच होतं. सकाळपासून पाहिलेली ती स्वच्छ खोली, गुडघ्याने ढकलायचं टेबल, सगळं एका शब्दावर टांगलेलं होतं.

"जमतं," तो म्हणाला. "आम्ही नाही का राहिलो सतरा वर्षं?"

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच तो इतक्या सहज तोंडातून निघाला असावा.

फोटोवाल्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बस! माझा जीव भांड्यात पडला. हे म्हणतात तसं, ते म्हणतात तसं, पण तुमच्यासारखा आपल्या कामातला माणूस म्हणतो म्हणजे झालं." त्यांनी लगेच खिशातून कागद काढला. टेबलावरचे पावाचे कण झाडले आणि लिहायला बसले. अक्षर मोठं, शाळकरी होतं. अर्ध्यावर थांबून त्यांनी विचारलं, "अहो, 'सेवेतून मुक्त करावे' की 'कार्यमुक्त करावे'?"

"कार्यमुक्त," तो म्हणाला. त्याने चहाचा कप बाजूला सरकवला.

कागद घडी करून फोटोवाले उठले. "बाई तीनला फेरीवरून येतात. मी हा कारकुनाकडे देऊन ठेवतो. तोवर तुम्ही घर बघून या. आम्ही सोडणार ते घर तुम्हालाच का नको? दहा मिनिटांवर आहे. दवाखान्याच्या मागचा रस्ता, औषधाच्या दुकानावरून डावीकडे, निळं दार. बायको आहे घरी."

निळ्या दाराचं घर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे चार पावलांचं अंगण. तक्त्यात घराचे सगळे रकाने भरून पुन्हा वर दोन गुण उरावेत असं ते घर. आत फोटोवाल्यांची बायको एका लाकडी कपाटाला मोजायचा टेप लावून उभी होती. गोल चेहरा, बाह्या वर सारलेल्या.

"या. फोन आला होता ह्यांचा. बघा सगळं, लाजू नका. त्या खिडकीची कडी जरा दाबून लावावी लागते." तिने टेपचं दुसरं टोक सहज त्याच्या हातात दिलं. "धरा जरा. तिकडे जिने केवढे असतात हो? हे कपाट आईचं आहे माझ्या. चढेल का?"

त्याने टेप धरला. त्याच्या घराच्या जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागायचं. "सुटं करता आलं तर चढेल," तो म्हणाला.

"सुटं नाही होत. जुनं काम आहे." तिने एका चिठ्ठीवर माप लिहून घेतलं. मग टेप गुंडाळत विचारलं, "तुम्ही किती वाजता घरी येता तिकडे?"

हा प्रश्न अगदी साधा होता. यात वाकवायला काही जागाच नव्हती.

"साडेनऊला."

"रात्री?"

"हो."

"रोज?"

"लवकर सुटलो तर नऊ."

ती कपाटाला टेकली. "ह्यांना साडेसातला जेवावं लागतं. साखरेची सुई घेतात ना. सुई आणि जेवण, घड्याळ लावून. एकदा उशीर झाला होता तर सायकलवरून पडले, रस्त्यात." तिने टेप कपाटावर ठेवला. "त्यांना सांगितलंत ही वेळ?"

"त्यांनी वेळ नाही विचारली, वहिनी."

"मग काय विचारलं?"

"जमतं का, असं विचारलं."

"आणि तुम्ही?"

"जमतं म्हणालो."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. तिने हळू आवाजात विचारलं, "मग तुम्ही इकडे का येताय?"

तो तिथून निघाला तेव्हा निरोप घेतला की नाही हेही त्याला आठवेना. तीन वाजायला वीस मिनिटं होती. औषधाच्या दुकानावरून उजवीकडे वळायचं ते तो सरळ गेला, एका गोदामाच्या फाटकाशी पोचला, परत फिरला. आपण काय करायला चाललोय हे त्याला पुरतं कळत होतं, आणि पाय तरी थांबत नव्हते. थांबले असते तर त्याला बरंच वाटलं असतं. अजूनही वेळ होता. बसस्टॅंडवर जाऊन बसलं असतं तर तीन वाजले असते, बाईंनी कागद बघितला असता, आणि बाकीचं ज्याचं त्याने बघितलं असतं. बायको म्हणाली असती, झालं ना एकदाचं. लेक सातला त्याच्याबरोबर जेवली असती.

एक्स-रेच्या दारावर लाल दिवा लागला होता. लाल दिवा असताना आत जायचं नाही, हे सतरा वर्षांत हाडीमासी खिळलेलं. तो दाराशी उभा राहिला. आत "श्वास घ्या, रोखा," ऐकू आलं. त्याने स्वतःचाच श्वास रोखून धरलेला होता. दिवा विझला. एक सुतार प्लॅस्टर घातलेला हात सांभाळत बाहेर आला, आणि हा आत शिरला.

"पाहिलंत घर? आवडलं?" फोटोवाले फडक्याने प्लेट पुसत होते.

"नाही जमत," तो म्हणाला.

"का? लहान आहे?"

"घर नाही हो. तिकडचं. तिकडे नाही जमत." मग एकदा बांध फुटला तसं सगळं निघालं. दोन बस, साडेनऊ, मोठ्या चौकातल्या केंद्रात सुटायच्या वेळेचा काही नेम नाही, पगार दहा तारीख म्हणता म्हणता वीस तारखेला होतो, न्हाणीघर आणि बादली, लेक झोपाळलेलीच भेटते. आम्हालाच परवडत नाही म्हणून आम्ही राज्यभर शहरं हुडकत फिरतोय. बोलताना तो एप्रनच्या खुंटीकडे बघत होता.

फोटोवाल्यांचं पुसणं चालूच राहिलं. प्लेट कधीच स्वच्छ झाली होती.

"शेजारी बसून खाल्लंत माझ्या," शेवटी ते म्हणाले. आवाज बारीक होता. "शब्दसुद्धा तुम्ही सांगितलात. कार्यमुक्त."

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणून तर आलो."

फोटोवाले स्टुलावर बसले. "वर्षभर मी ज्याला त्याला विचारतोय. तिकडे राहणारा जो भेटेल त्याला. सगळे म्हणतात, जमतं. एकही माणूस नाही जमत म्हणून सांगत नाही. असं कसं हो?"

"नाही जमत म्हणायचं म्हणजे आपणच कमी पडलो असं वाटतं," तो म्हणाला. हे त्याला बोलून होईपर्यंत स्वतःलाही माहीत नव्हतं.

दोघे कागद परत मागायला गेले तेव्हा कारकुनाने त्यावर आवक शिक्का मारून ठेवला होता. शिक्का मारलेला कागद परत देता येत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याची आणि फोटोवाल्यांची बाचाबाची चालली असतानाच बाई आल्या. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, कागद घेतला.

"जायचंय की राहायचंय?"

फोटोवाल्यांनी शिक्क्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "मुलीला पाठवतो. मी राहतो."

बाईंनी कागदावर आडवी रेघ मारली आणि याच्याकडे वळल्या. "मुलाखतीला आलेला माणूस स्वतःचीच जागा भरून गेला, असं मी आजवर पाहिलं नव्हतं." त्या हसल्या नाहीत. "बसचं भाडं कारकुनाकडून घ्या." त्याने ते घेतलं नाही. ती एक ऐट त्याला परवडणारी नव्हती, हे त्याला बसमध्ये बसल्यावर सुचलं.

फोटोवाले दारापर्यंत आले, पण हात पुढे केला नाही. "पोरीसाठी वसतिगृह बघावं लागेल आता," एवढंच म्हणाले. याने आपला नंबर लिहून दिला.

घरी येईपर्यंत लेक झोपली होती. बायकोने सगळं ऐकून घेतलं. त्याची अपेक्षा होती की ती एकतर भडकेल, नाहीतर शाबासकी देईल.

"आधीच खरं बोलला असतात," ती म्हणाली, "तर त्या माणसाचा कागद वाचला असता. आणि शेवटपर्यंत बोलला नसतात तर आपल्याला घर मिळालं असतं. तुम्ही मधलंच काहीतरी केलंत. कुणाचंच भलं नाही आणि सगळ्यांना ताप."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"मला काय माहीत? मी नव्हते तिथे." ती उठली, गेली, पुन्हा दाराशी आली. "मी असते तर मीही जमतं म्हणाले असते. आणि परत गेले नसते. म्हणून राग येतोय."

त्यानंतरचे आठ-दहा दिवस वाईट गेले. मालक जिन्यात भेटला की मान खाली घालायचा, आणि हाही घालायचा. मेहुणीचा फोन आला, या आमच्याकडे, तर बायको नुसती हं हं करत राहिली. आता ती बहिणीचं शेजारपणही पत्करणार, असं त्याला वाटलं. एक दिवस ती वसतिगृहं बघायला गेली आणि येऊन तिने फोटोवाल्यांच्या बायकोला फोन लावला. "हे बघा, न्हाणीघरं घाण आहेत, पण देखरेख करणारी बाई खमकी आहे. मी माझी पोर ठेवीन. नाक दाबून ठेवीन, पण ठेवीन." तिकडून काय उत्तर आलं ते त्याला कळलं नाही. बायको खूप वेळ बोलत होती.

मग एका शनिवारी दुपारी तिने कात्रीखालून एक लिफाफा काढून त्याच्यापुढे टाकला. दवाखान्यांच्या चादरी आणि गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याचं पत्र होतं. कटाईच्या विभागात तिला कायमची जागा दिली होती. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. सोबत कामगारांसाठीच्या दोन खोल्यांचा उल्लेख.

त्याने गावाचं नाव दोनदा वाचलं. "हे शहर तर आपल्या तक्त्यात नाही!"

"नाही ना?"

"तू अर्ज कधी केलास?"

"तुम्ही भिंतीला हात लावून बसला होतात ना, त्या आठवड्यात."

"मला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर आपण अजून पाण्याच्या रकान्यात असतो." आणि मग जरा मऊ होऊन, "तिथे पाणी बरं आहे. मी जाऊन आलेय."

कधी गेली होती, कुणाबरोबर, लेक तेव्हा कुठे होती, असे पन्नास प्रश्न त्याच्या ओठांवर आले. त्याने एकच विचारला. "आणि मी?"

"तुम्ही या आमच्याबरोबर."

त्या शहरात एक्स-रेची जागा कुठेच नव्हती. पाच आठवडे तो घरी बसला. सकाळी बायको कारखान्यात आणि लेक शाळेत गेली की दोन खोल्यांत तो आणि त्याचं मन. हे मन फार वाईट सोबती होतं. लेकीला शाळेत कुणी मैत्रीण मिळालेली नव्हती. ती सांगत नव्हती, पण डबा अर्धा परत यायचा. तो रोज दवाखान्यांत फिरायचा, कळवतो असं ऐकून परत यायचा. एकदा चुकून जनावरांच्या दवाखान्यात शिरला. पाटीवरचं नुसतं 'दवाखाना' वाचून गेला होता. तिथल्या डॉक्टरने नवं यंत्र घेतलं होतं आणि चालवायला माणूस नव्हता. दुसऱ्या दिवसापासून तो तिथे जायला लागला.

पहिल्या आठवड्यात त्याला घाम फुटायचा. कुत्र्याला श्वास रोख म्हणून सांगता येत नाही, मांजराला हनुवटी वर कर म्हणता येत नाही, आणि मालक माणसं पेशंटपेक्षा जास्त थरथरतात. एका बकरीने त्याच्या बॅजचा पट्टा खाल्ला. पण हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की जनावर श्वास सोडून दुसरा घेतं, त्या दोहोंमध्ये एक क्षण असतो. तो क्षण ओळखून बटण दाबायचं. याला तो क्षण बरोबर कळायचा. दुसऱ्याच्या छातीकडे जीव मुठीत धरून बघत राहण्याची सवय त्याला आयुष्यभराची होती, ती इथे उपयोगी पडली. डॉक्टर लोकांना सांगायला लागला की आमचा माणूस एका फोटोत काम करतो.

लेकीला त्याच्या गोष्टी आवडायला लागल्या. संध्याकाळी ती आज कोण आलं होतं, असं विचारायची. एकदा ससा म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी तीन मुली फाटकाशी उभ्या. ससा बघायचा होता. ससा घरी गेला होता, पण एक कासव होतं. लेक त्या तिघींना घेऊन आत आली आणि अंग चोरून नव्हे, पुढे होऊन सांगायला लागली, "लाल दिवा लागला की मागे व्हायचं हं." त्याने दिवा लावला आणि काचेआड जाऊन उगीचच बराच वेळ काहीतरी नीट करत राहिला.

काळजी काही सुटली नाही. हे दोन खोल्यांचं कामगारांचं घर, बायकोची नोकरी आहे तोवर. जनावरांच्या डॉक्टरने यंत्र कर्जावर घेतलंय, उद्या विकलं तर? काल संध्याकाळी जेवता जेवता त्याने हे बोलून दाखवलं.

"विकलं तर तेव्हा बघू," बायको म्हणाली. "तुम्ही आधी ती बशी इकडे द्या. गार होतंय."

त्याने बशी दिली. बाहेर अजून उजेड होता, आणि लेक कासवाला किती फासळ्या असतात ते विचारत होती. त्याला नक्की आठवेना. उद्या बघून सांगतो, असं तो म्हणाला.